सवडीचं भांडवल

हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात ऐन हंगामात गेलं, तर कष्ट म्हणजे काय हे कुणाला विचारावं लागत नाही. आवक वाढली की ट्रॅक्टर-ट्रॉल्या, टेम्पो आणि पिकअप गाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यावर येते. माल उतरायला रात्र होते. शेतकरी आपल्याच पोत्यांवर पाठ टेकतो. सकाळी बिट सुरू होतं. व्यापारी ढिगातलं हळकुंड उचलतो, मोडतो, आतला रंग पाहतो, भाव पुकारतो आणि पुढच्या ढिगाकडे वळतो. नऊ महिने सांभाळलेल्या पिकाचा निकाल तेवढ्या वेळात लागतो. मग हमाली, वजनकाटा, आडत्याची पट्टी आणि परतीची घाई. गावाकडे दुसऱ्या शेतातली हळद अजून शिजायची असते.

या घाईला आता आणखी एक घाई येऊन मिळाली आहे. त्याच रांगेत उभा असलेला तिशीतला शेतकरी फोनवर हळद पावडरीच्या पाकिटांचा दर ठरवत असतो. मधेच त्याला जीएसटीचं विवरणपत्र भरणाऱ्याचा फोन येतो. बँकेतून अनुदानाच्या प्रस्तावातल्या त्रुटीचा निरोप येतो. शेतकरी उत्पादक कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर संचालकांच्या बैठकीची वेळ बदललेली असते. कसं चाललंय असं विचारलं की पूर्वी ‘बरं चाललंय’ असं उत्तर यायचं. आता ‘लई धावपळ आहे’ असं येतं, आणि त्यात थकव्याइतकाच अभिमानही असतो.

या लेखाचा विषय ती धावपळ आहे. उद्योजकता वाढावी, मराठवाड्यातल्या मुलांनी नोकरीची वाट पाहत न बसता स्वतःचं काही उभं करावं, हे मला मनापासून हवं आहे. म्हणूनच सतत कामात असण्याला उद्योजकतेची खूण मानण्याची जी रीत पडते आहे, तिच्याविषयी बोलणं गरजेचं वाटतं. हिंगोलीचा अनुभव सांगतो की ही धावपळ बहुतेक वेळा यशाची नसते, भांडवलाच्या उणिवेची असते. ज्याच्याकडे थांबायची सोय असते त्याला भाव मिळतो, चांगला निर्णय सुचतो, चूक वेळेवर दिसते. सवड हे भांडवल आहे, आणि ते या जिल्ह्यात सर्वांत दुर्मीळ आहे.

हळदीचा जिल्हा

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा काढून हिंगोली जिल्हा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत असे पाच तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११ लाख ७७ हजार, आणि त्यातली मोठी बहुसंख्या खेड्यांत राहणारी. कयाधू, पूर्णा आणि पैनगंगा या नद्या, सिद्धेश्वर आणि इसापूर ही धरणं, सोयाबीन, कापूस, तूर, ऊस आणि हळद. मोठे कारखाने नाहीत. वसमतचा पूर्णा सहकारी साखर कारखाना हे इथल्या उद्योगाचं जुनं नाव. नोकऱ्या थोड्या, त्यामुळे कामासाठी पुणे, मुंबई, हैदराबादकडे जाणाऱ्यांची संख्या मोठी.

गेल्या दोन दशकांत या जिल्ह्याची ओळख हळदीने बदलली. राज्यात हळदीखाली सर्वाधिक क्षेत्र असलेल्या जिल्ह्यांत हिंगोली आज पहिल्या रांगेत आहे. हिंगोली आणि वसमत इथल्या बाजारांची नावं सांगलीच्या बरोबरीने घेतली जातात. ‘एक जिल्हा एक उत्पादन’ योजनेत हिंगोलीच्या नावापुढे हळद आहे. वसमतला बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्र २०२२ साली मंजूर झालं. २०२४ मध्ये ‘वसमत हळद’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळालं. उद्योजक व्हायला निघालेल्या तरुणाला आपल्या शिवारातच कच्चा माल आणि नाव दोन्ही मिळावं, अशी ही संधी आहे.

पण हळद हे सवड न देणारं पीक आहे. मे-जूनमध्ये बेणं लावायचं, पाऊस सुरू झाला की भरणी करायची, कंदकुजीवर लक्ष ठेवायचं, थंडीत पाणी तुटू द्यायचं नाही. जानेवारीपासून काढणी. पाला कापायचा, गड्डे उपटायचे, हळद मोडून हळकुंडं, जेठा गड्डा आणि बेणं वेगळं करायचं. मग बॉयलरच्या वाफेवर शिजवायची, पंधरवडाभर उन्हात वाळवायची, ढग आला की धावत जाऊन ताडपत्री घालायची, ड्रममध्ये पॉलिश करायची. चार-पाच क्विंटल ओल्या हळदीतून साधारण एक क्विंटल वाळलेली हाती येते. यातलं प्रत्येक काम वेळेवर व्हावं लागतं, आणि बॉयलर गावात दोन-तीनच असल्याने प्रत्येकाची पाळी ठरलेली असते. पाळी रात्री दोनला आली तर रात्री दोनला.

पाण्याचंही तसंच. शेतीपंपांना थ्री फेज वीज पाळीपाळीने दिवसा आठ तास किंवा रात्री मिळते. रात्रीची पाळी असलेल्या आठवड्यात शेतकरी बॅटरी घेऊन, सापाकिरड्याची भीती मनात ठेवून, दारं धरायला जातो. सौर कृषी वाहिनीची योजना २०१७ मध्ये सुरू झाली, तिचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये आला. दिवसा वीज हे तिचं उद्दिष्ट. ते जिथे पूर्ण होईल तिथे शेतकऱ्याला विजेपेक्षाही मोठी गोष्ट परत मिळेल, ती म्हणजे झोप.

या कष्टाला मात्र एक गुण होता. त्याला आरंभ होता आणि शेवट होता. हळद विकली गेली, पाडवा झाला की लग्नसराई यायची, जत्रा यायच्या, नरसी नामदेवला किंवा औंढ्याला जाणं व्हायचं. अनेक गावांत सोमवारी बैल जुंपत नसत. आठवडी बाजाराच्या दिवशी मजुरांना सुट्टी असे आणि आठवड्याची मजुरी हातात पडे. ही व्यवस्था फार न्याय्य होती असं मी म्हणणार नाही. तिच्यातली विश्रांती जातीनुसार आणि जमिनीनुसार कमीजास्त मिळत असे. पण माणसाने आणि जनावराने कधी थांबायचं हे गावाने ठरवून दिलेलं होतं. बैलाला सोमवार होता. ट्रॅक्टरला तो नाही आणि हप्ते फेडणाऱ्या त्याच्या चालकालाही नाही.

एका माणसाची कंपनी

आता उद्योगाकडे वळलेल्या त्याच शेतकऱ्याच्या मुलाचा दिवस पाहू. त्याला कच्ची हळद मोंढ्यात न विकता पावडर करून विकायची आहे. विचार अगदी बरोबर आहे. प्रक्रिया केली की मालाचं मोल वाढतं, हे सगळे तज्ज्ञ सांगतात. प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजना २०२० मध्ये आली. तिच्यात प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान आहे. मुद्रा कर्ज २०१५ पासून आहे. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम आहे. अण्णासाहेब पाटील महामंडळाचा व्याज परतावा आहे. योजनांची कमी नाही.

पण त्या प्रत्येक योजनेला प्रकल्प अहवाल लागतो, कोटेशन लागतं, बँकेची संमती लागते, त्रुटी निघाली की पुन्हा फेरी लागते. यंत्र आलं की वीजजोडणीचा भार वाढवून घ्यायचा. अन्न सुरक्षा विभागाची नोंदणी करायची. पाकिटावर निव्वळ वजन, किंमत, पॅकिंगचा महिना, उत्पादकाचा पत्ता नियमानुसार छापून घ्यायचा. प्रयोगशाळेतून कुरकुमीनचं प्रमाण तपासून घ्यायचं. ५ टक्के जीएसटीचा हिशेब ठेवायचा. बाजारात रंगासाठी भेसळ केलेली स्वस्त पावडर आहे, तिच्याशी दरात टक्कर द्यायची. दुकानदार माल उधारीवर मागतो, तर वसुलीच्या फेऱ्या मारायच्या. फेसबुकवर जाहिरात टाकायची, चौकशीला उत्तरं द्यायची, पार्सल बांधायचं, कुरिअरच्या कार्यालयात नेऊन द्यायचं. आणि हे सगळं करून घरची पाच एकर शेती आहेच.

मोठ्या कंपनीत या कामांना सात-आठ विभाग असतात. इथे एकच माणूस आहे. त्याची दमछाक त्याच्या महत्त्वाकांक्षेमुळे होते असं आपण समजतो आणि त्याचं कौतुक करतो. प्रत्यक्षात हिशेबनीस ठेवायला पैसे नाहीत म्हणून तो रात्री हिशेब लिहितो. खेळतं भांडवल नाही म्हणून तो दर आठवड्याला थोडा थोडा माल दळतो. जवळ प्रयोगशाळा नाही म्हणून त्याचा एक दिवस प्रवासात जातो. जे पैशाने विकत घेता येत नाही ते तो स्वतःच्या वेळाने विकत घेतो, आणि तो वेळ फुकट आहे असं धरून चालतो. एका पाकिटामागे चार रुपये सुटले असं तो सांगतो, तेव्हा त्या चार रुपयांत त्याची स्वतःची मजुरी धरलेली नसते. ती धरली तर पुष्कळदा शिल्लक राहत नाही.

भारतात काम करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक स्वयंरोजगारात आहेत. २०२३-२४ च्या श्रमशक्ती सर्वेक्षणात हे प्रमाण ५८.४ टक्के होतं. नोकरदाराच्या तासांना निदान कागदावर कायद्याची मर्यादा आहे. १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला ४८ तास ठरवले. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तासांपर्यंत नेण्याला मंजुरी दिली, तेव्हा कामगार संघटनांनी विरोध तरी केला. जो स्वतःच मालक आणि स्वतःच मजूर आहे, त्याच्या तासांसाठी कोण बोलणार?

रिकामं दिसण्याची भीती

ही झाली पैशाची बाजू. दुसरी बाजू समाजाची आहे, आणि मला ती अधिक खोल वाटते.

मराठवाड्यातल्या कितीतरी घरांतला एक मुलगा स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला किंवा छत्रपती संभाजीनगरला जातो. चार वर्षं, सहा वर्षं अभ्यास करतो. जागा शेकड्यांनी आणि अर्ज लाखांनी. वय तिशीकडे झुकलं की तो गावी परततो. आता त्याला उत्तरं द्यायची असतात: आईवडिलांना, पारावरच्या माणसांना, सोयरिकीसाठी चौकशीला आलेल्या पाहुण्यांना. शेती करतो म्हटलं तर मुलगी मिळत नाही, हे गावोगाव ऐकू येणारं दुःख आहे. मग तो व्यवसाय सुरू करतो. कृषी सेवा केंद्र, सोबत प्लॉटिंग, सोबत विमा, सोबत सेवा केंद्र, सोबत हळद पावडर. एकाच कार्डावर चार व्यवसाय छापलेले असतात.

या मुलाला हसणं फार सोपं आहे आणि फार अन्यायाचं आहे. त्याला कामाची हौस असतेच, पण त्याहून मोठी असते ती रिकामं दिसण्याची भीती. ज्याला गावाने अनेक वर्षं काही करत नाही म्हणून पाहिलं, त्याला दिवसभर फोन कानाला लावून गाडीवर फिरताना पाहिलं जाणं हाच मान वाटतो. मग कोणता व्यवसाय नफ्यात आहे आणि कोणता बंद करायला हवा, हा हिशेब मागे पडतो. एखादा व्यवसाय बंद केला तर तो पुन्हा रिकामा ठरेल. म्हणून तोट्यातलाही चालू राहतो.

त्यात मोबाइलवरच्या प्रेरणादायी चित्रफितींची भर पडते. पहाटे चारला उठा, झोप कमी करा, मित्र सोडा, सण सोडा, अशी शिकवण देणारे वक्ते या मुलांच्या खिशात चोवीस तास असतात. ज्याने कधी पगारी माणूस ठेवला नाही, ज्याच्या मागे कुटुंबाची संपत्ती नाही, ज्याला पडल्यावर उचलणारं कुणी नाही, त्याला त्या शिकवणीतून एकच गोष्ट कळते. अपयश आलं तर दोष आपलाच, आपणच कमी धावलो. बियाणं, पाऊस, बाजारभाव, वीज, बँक यांतलं काहीच मग दोषी राहत नाही. शेतकरी आत्महत्यांच्या दुःखातून गेलेल्या मराठवाड्यात तरुण माणसाच्या मनावर हे ओझं टाकणं मला धोक्याचं वाटतं.

घरातले हात

या धावपळीत ज्यांचं नाव कार्डावर नसतं त्या बायका आहेत. हळद मोडण्याचं काम बहुतेक ठिकाणी बायाच करतात. उन्हात पाल टाकून, मातीत बसून, गड्ड्यापासून हळकुंड वेगळं करत दिवस जातो. पावडरीच्या घरगुती उद्योगात निवडणं, वाळवणं, चाळणं, पाकिटं भरणं आणि चिकटवणं ही कामं घरातल्या स्त्रियांची. मालक म्हणून नोंद पुरुषाची असते, किंवा योजनेसाठी स्त्रीचं नाव असलं तरी व्यवहार पुरुषाच्या हाती असतो.

केंद्र सरकारच्या वेळवापर सर्वेक्षणात २०२४ मध्ये आढळलं की घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं खर्च करतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. २०१९ मध्ये हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत स्त्रीच्या घरकामातली दहा मिनिटं वाचली आणि पुरुषाचाही हातभार जवळजवळ तेवढाच कमी झाला. बचत गटाच्या बाईने मसाल्याचा उद्योग सुरू केला की तिच्या या जवळजवळ पाच तासांत काही घट होत नाही. उद्योग त्यावर चढतो. गटाची बैठक जेवणं आटोपल्यावर होते. मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनाला जायचं तर आधी घरातल्यांची सोय लावावी लागते. तिच्या उद्योजकतेचं कौतुक करणाऱ्या भाषणांत, तिच्या घरातल्या पुरुषांनी किती काम उचललं हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तो विचारायला हवा. नाहीतर सक्षमीकरण या नावाखाली आपण तिच्या झोपेवर कर्ज काढत राहू.

सत्तर तास, नव्वद तास

ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं मत मांडलं. जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचं ९० तासांचं आणि रविवारीही काम करण्याविषयीचं वक्तव्य देशभर गाजलं. या दोन्हींच्या मध्ये, जुलै २०२४ मध्ये, पुण्यात एका नामांकित सल्लागार कंपनीत नुकत्याच रुजू झालेल्या २६ वर्षांच्या सनदी लेखापाल मुलीचा मृत्यू झाला. कामाच्या ताणाने आपली लेक गेली असं तिच्या आईने पत्रात लिहिलं आणि देश हळहळला.

शास्त्राने याबाबत स्पष्ट बजावलं आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांचा संयुक्त अभ्यास मे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी अधिक आढळला. २०१६ या एका वर्षात लांबलेल्या कामाच्या तासांमुळे जगात सुमारे ७ लाख ४५ हजार मृत्यू झाले, असा त्यांचा अंदाज आहे.

मला या चर्चेत आणखी एक गोष्ट खटकते. ७० तास म्हणजे सहा दिवस रोज जवळजवळ बारा तास. हळदीच्या हंगामात एवढं काम हिंगोलीतला शेतकरी, मजूर आणि त्यांच्या घरातल्या बाया पिढ्यान्पिढ्या करत आल्या आहेत. इथे तासांची टंचाई कधीच नव्हती. टंचाई होती गोदामाची, कर्जाची, रस्त्याची, दिवसा मिळणाऱ्या विजेची आणि खात्रीच्या भावाची. तास वाढवून जिल्हा श्रीमंत होणार असता तर तो कधीच झाला असता.

थांबू शकणाऱ्याचा भाव

२०२३ सालची गोष्ट हळद उत्पादकांच्या चांगलीच लक्षात आहे. त्या वर्षी उन्हाळ्यात, म्हणजे काढणीनंतर बहुतेक लहान शेतकरी माल विकतात त्या काळात, हळद सहा-सात हजार रुपये क्विंटलच्या आसपास होती. पाऊस लांबला, लागवड घटल्याच्या बातम्या आल्या आणि ऑगस्टपर्यंत भाव पंधरा हजारांच्या वर गेला. शेत तेच, हळद तीच, कष्ट तेवढेच. फरक फक्त एवढाच की काहींना तीन-चार महिने थांबता आलं आणि काहींना नाही. पीककर्ज, दुकानदाराची उधारी, लेकीचं लग्न, पुढच्या हंगामाचं बेणं यांनी ज्याला घाई केली त्याची हळद दुसऱ्याच्या गोदामात जाऊन महाग झाली.

या घाईवर उपाय नाही असं नाही. राज्य पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९० पासून आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज ६ टक्के व्याजाने १८० दिवसांसाठी घ्यायचं आणि भाव आला की विकायचं. हळद या योजनेत आहे. ही योजना शेतकऱ्याला पैसे देते असं म्हणतात. माझ्या मते ती त्याला सहा महिन्यांची सवड देते, आणि सवडीची किंमत किती असते ते २०२३ ने दाखवून दिलं. तरीही गावातल्या तरुण उद्योजकाला पहाटे उठण्याचे फायदे तोंडपाठ असतात आणि तारण कर्जाचा अर्ज कुठे मिळतो ते माहीत नसतं. आपलं उद्योजकता शिक्षण कुठे कमी पडतं, ते इथे दिसतं.

लोखंडे आणि किर्लोस्कर

महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांत माणसं दिवस उगवण्यापासून मावळेपर्यंत, आठवड्याचे सातही दिवस राबत होती, तेव्हा नारायण मेघाजी लोखंडे उभे राहिले. ते जोतीराव फुल्यांचे सहकारी, ‘दीनबंधु’चे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि आठवड्याच्या सुट्टीची मागणी लावून धरली. १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. सुट्टी कशासाठी हवी यावर लोखंड्यांचा विचार फार मोठा होता. सहा दिवस पोटासाठी, तर एक दिवस ज्या समाजाने आपल्याला घडवलं त्याच्या कामासाठी हवा, अशी त्यांची धारणा होती. विश्रांतीला त्यांनी नागरिकत्वाशी जोडलं. आज आपल्या गावांत ग्रामसभेला माणसं येत नाहीत, शाळेच्या व्यवस्थापन समितीला वेळ देणारं कुणी नाही, वाचनालयाला कुलूप आहे. सगळेच उद्योगात आहेत. लोखंड्यांना हे चित्र प्रगतीचं वाटलं नसतं.

मालकाच्या बाजूचं उदाहरण हवं असेल तर लक्ष्मणराव किर्लोस्करांचं घ्यावं. १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळरानावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर केले. त्याच कारखान्यातून १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ काढलं. पुढे ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही मासिकं निघाली. नांगर बनवणाऱ्या माणसांना लेख, चित्रं, नाटकं आणि सामाजिक सुधारणा यांसाठी जागा होती. त्यांचा उद्योग त्यामुळे मागे पडला नाही. उलट ग्राहक शेतकऱ्याशी आणि मध्यमवर्गाशी त्याचं जे नातं जडलं, ते नुसत्या जाहिरातीने जडलं नसतं. उद्योगाला विचार करायला, वाचायला, लोकांत मिसळायला वेळ हवा, हा धडा आपल्याच मातीतला आहे.

हिंगोलीत आज त्याहूनही मोठ्या धीराचं काम उभं राहतं आहे. औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या परिसरात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा होत आहे. चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता, एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांना मंजुरी. या वेधशाळेला अशी जमीन लागते जिथे कंपनं फार कमी असतील. शास्त्रज्ञांनी आपला जिल्हा निवडला त्यामागे इथल्या जमिनीची शांतताही आहे. इतकी वर्षं धीराने उभारायचं आणि मग कदाचित सेकंदापेक्षाही कमी वेळ टिकणारी लहर टिपायची, असा हा उद्योग आहे. हिंगोलीच्या मुलांना मोठं काम कसं होतं हे दाखवायचं असेल, तर ते त्यांच्या शेजारीच आहे.

करता येण्यासारखं

धावपळ कमी करा, असा कोरडा उपदेश हप्ते असलेल्या माणसाला करणं योग्य नाही. ज्या उणिवांमुळे तो धावतो त्या भरून काढाव्या लागतील, आणि ते एकट्याने होणार नाही.

पहिली गोष्ट शेतकरी उत्पादक कंपन्यांची. २००२ मध्ये कंपनी कायद्यात उत्पादक कंपनीची तरतूद आली, तेव्हा दहा शेतकऱ्यांनी एकत्र येऊन एकट्याचा भार वाटून घ्यावा हाच हेतू होता. त्याच कायद्यात प्रत्येक उत्पादक कंपनीला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी हवा आणि तो सभासदांबाहेरचा हवा, असं सांगितलं आहे. २०२० च्या दहा हजार उत्पादक संघटनांच्या केंद्रीय योजनेत व्यवस्थापनासाठी प्रत्येक संघटनेला तीन वर्षांत १८ लाख रुपयांपर्यंत मदत आहे. तरीही अनेक कंपन्यांत अध्यक्षच सगळं पाहतो: खरेदी, विक्री, लेखापरीक्षण, सभा, छायाचित्रं. तो आजारी पडला की कंपनी बंद. पगारी, शिकलेला, जबाबदार माणूस नेमणं हा उधळेपणा समजू नये. स्पर्धा परीक्षेतून परतलेली जी मुलं आहेत, त्यांना कायदा कळतो, अर्ज लिहिता येतो, आकडे वाचता येतात. चार व्यवसायांचं कार्ड छापण्याऐवजी त्यांना अशा कंपनीत सन्मानाचा पगार मिळाला तर दोघांचंही भलं होईल.

दुसरी गोष्ट सामायिक सोयींची. गावागणिक छोटी गिरणी टाकण्याऐवजी तालुक्याला एक चांगलं प्रक्रिया केंद्र, एक प्रयोगशाळा, एक हिशेबाचं कार्यालय असावं, जिथे पाच-पन्नास लहान उद्योजकांची कागदपत्रं एकाच ठिकाणी होतील. भौगोलिक मानांकनाचा खरा उपयोगही असाच होईल. वसमत हळद हे नाव एकट्याच्या पाकिटावर टिकणार नाही. गुणवत्तेची हमी सगळ्यांनी मिळून दिली तरच टिकेल.

तिसरी गोष्ट सुट्टीची. मोंढ्याला सुट्टी असते, बँकेला असते. लहान उद्योजकानेही आठवड्याचा एक दिवस ठरवून दुकान, फोन आणि यंत्र बंद ठेवावं, आणि गावाने त्याला आळशी म्हणू नये. एकट्याने केलं तर गिऱ्हाईक शेजारी जाईल. सगळ्यांनी मिळून केलं तर जाणार नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी मजूर थांबत असे ते गावाने मान्य केलं म्हणूनच.

चौथी गोष्ट घरातली. बाईच्या नावावर उद्योग असेल तर घरातल्या पुरुषाने स्वयंपाक, पाणी, मुलांचा अभ्यास यांतलं निम्मं उचलावं. यासाठी सरकारी योजनेची गरज नाही.

आणि शेवटची गोष्ट प्रत्येक लहान उद्योजकाला सांगायची आहे. येत्या पाडव्याला नवी वही पुजाल, तेव्हा तिच्यात खरेदी-विक्रीच्या रकान्यांशेजारी एक रकाना तुमच्या स्वतःच्या तासांचा आखा, आणि दुसरा घरातल्या बाईच्या तासांचा. त्या तासांना गावातल्या मजुरीचा दर लावा आणि तो खर्चात धरा. वर्षअखेरीला जे उरेल तोच तुमचा नफा. काही उरत नसेल तर अजून जोरात धावू नका. थांबा, एखादा व्यवसाय कमी करा, चार जणांशी हातमिळवणी करा. ज्या उद्योगात मालकाला आणि त्याच्या घराला आठवड्याचा एक दिवस मोकळा मिळत नाही, तो उद्योग अजून उभा राहिलेला नाही.